ईज जिमिनीत गेल्यावर

उन्हाळ्याच्या सुट्टीत लोक महाबळेश्वरला जातात, नाहीतर कोकणात आंबे खायला जातात. गेल्या वैशाखात आम्ही मुळशीला जमिनीत लोखंडी गज ठोकायला गेलो. 'फिरायला' असं मी शेजारी सांगितलं होतं, कारण खरं सांगितलं असतं तर कुणाला पटलं नसतं.

आमचे 'हे' इंजिनिअरिंग कॉलेजात विजेचे प्राध्यापक आहेत. वडील कोकणात शाळामास्तर. घरात रॉकेलची चिमणी, आणि तिच्या उजेडात शिकून हे विजेकडे वळले. शिष्यवृत्ती मिळवून विलायतेला जाऊन आले. परतल्यावर कुणी कारखान्यात गेलं, कुणी सरकारात. ह्यांनी खडू हातात घेतला. यांचा खास विषय म्हणजे आकाशातली वीज जमिनीत शिरल्यावर पुढं तिचं काय होतं. पुण्यात हे सांगितलं की लोक अदबीनं मान हलवतात आणि मग घरचा बिघडलेला पंखा आणून देतात. हे तोही दुरुस्त करून देतात.

पण गेलं वर्षभर कॉलेजावरून ह्यांचं मन उडालं होतं. प्रयोगशाळेला नवं यंत्र मिळत नव्हतं, मुलांना फक्त नोकरीपुरतं शिकायचं होतं, आणि एका बैठकीत कुणीतरी हसत म्हणालं होतं की तुमचं संशोधन जमिनीतच पुरलेलं बरं. त्याच सुमारास मुंबईच्या एका मोठ्या कंपनीकडून बोलावणं आलं. कॉलेज उघडायच्या आत हो की नाही ते कळवायचं होतं. ह्यांनी तोंडानं काही म्हटलं नव्हतं, पण पुस्तकं बांधायला सुरुवात केली होती. मुळशीकडून विजेच्या तारांची नवी ओळ जाणार होती. तिथल्या मातीची मोजणी कबूल केलेली, तेवढी उरकायची आणि शिकवणं संपवायचं, असा एकूण रंग दिसत होता. म्हटलं, मीही येते.

भुकूम, पौड

पुण्याच्या भिंतीभिंतींवर तेव्हा संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा रंगवलेल्या होत्या. कोथरूड मागं पडलं तशा त्या विरळ होत गेल्या आणि भुगावच्या पुढं नुसतं पिवळं गवत राहिलं. भुकूमला आमच्या एस.टी.चं चाक बसलं. ड्रायव्हर शांतपणे खाली उतरला, बिडी पेटवली आणि मग चाकाकडे बघितलं. पुण्यात एवढ्यात दहा जणांनी तक्रार केली असती. इथं बाया सावलीला बसल्या, एकीनं पदरातली करवंदं काढून माझ्या ओंजळीत टाकली, आणि मला वाटलं, हे चाक संध्याकाळपर्यंत बसलेलंच राहिलं तरी चालेल.

दुपारच्या झळांत पौडला पोचलो. स्टँडसमोर तांबोळीभाईंचं पानाचं आणि चहाचं दुकान होतं. ह्यांच्या मांडीवरच्या पेटीकडे ते बराच वेळ बघत होते. लाकडी पेटी, बाजूला फिरवायचं हँडल, वर काच.

"तबकडीचा बाजा हाय व्हय?" त्यांनी विचारलं.

"नाही हो," हे म्हणाले. "जमिनीत वीज किती सहज जाते ते मोजायचं यंत्र आहे."

"म्हंजी गानं न्हाई." तांबोळीभाई मनापासून हळहळले. मात्र गाडी त्यांनीच ठरवून दिली. जिथं आम्हाला उतरायचं होतं त्या गावचे खंडूआबा बाजाराला आलेले होते. त्यांच्या बैलगाडीत आम्ही, पेटी आणि गजांचा भारा असे चढलो.

त्या वाटेचं मला धड काही सांगता येणार नाही, कारण निम्मी वाट मी पेंगत होते. डोळा उघडला की एखादं जांभळाचं झाड, तळाशी पडलेला जांभळा सडा. पुन्हा उघडला की डोंगराची कड, निळी, मग फिकट निळी, मग नुसती धग. पावशा कुठंतरी ओरडत होता. एकदा डोळा उघडला तर समोर पाणी होतं. इतकं स्थिर, की आकाशच जरा खाली उतरून विसावलं आहे असं वाटलं.

पाण्याच्या काठी

गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. पुढं जे लिहिणार आहे त्यातली मुलगी तिथली आहे.

धरणाच्या या पाण्यावर तयार होणारी वीज डोंगर उतरून मुंबईला जाते. काठावरच्या आबांच्या घरात कंदील होता. आबांच्या पत्नीला सगळे चंद्राआक्का म्हणत. त्यांनी आम्हाला आंबेमोहोर तांदळाचा भात, हुलग्याचं पिठलं आणि करवंदांची चटणी वाढली. भाताचा वास असा की पुण्याला आम्ही आंबेमोहोर म्हणून जे आणतो ते काय असतं, असा मला प्रश्न पडला. आमच्याकडे पाहुण्याला 'अजून घ्या ना' म्हणतात. इथं विचारत नाहीत. ताटात सरळ वाढून मोकळे होतात.

वाढायला त्यांची मुलगी सगुणा होती. अठरा-एकोणीस वर्षांची, गळ्यात मंगळसूत्र, हातभर हिरव्या बांगड्या. ती बसली की लुगड्याचा काठ ओढून पावलं झाकून घ्यायची.

"माहेरपणाला आलीस का गं?" मी सहज विचारलं.

ती आत निघून गेली. आक्कांनी कंदिलाची वात उगाचच वर-खाली केली.

सकाळी पाण्यावर धुणं घेऊन गेलो तेव्हा आक्कांनी आपणहून सांगितलं. त्याच्या आदल्या वैशाखात सगुणाचं लग्न झालं. पलीकडच्या तीरावरच दिली. महिनाभरात वळीव आला. शेतातल्या आंब्याखाली बैलजोडी उभी होती, ही तिथंच बसलेली. झाडावर वीज पडली. दोन्ही बैल जागच्या जागी गेले आणि हिला नुसतं खरचटलंही नाही.

"मंग सासू म्हनली, पोरगी पांढऱ्या पायाची हाय. आली आन् घरची लक्षमी घालवली." आक्का धुणं आपटायचं थांबल्या. "हितं आनून सोडली. वरीस झालं. जावई येत न्हाई, निरोप न्हाई. आता तिला स्वताला बी तसंच वाटाया लागलंय. गोठ्याकडं जात न्हाई. कुनाच्या पेरनीला गेली तर बांधावर थांबती."

मी पाण्याकडे बघत बसले. आक्कांनी बोट करून दाखवलं, "त्ये बगा, तितं माज्या आईचं घर हुतं." तिथं नुसतं पाणी होतं, त्यावर उन्हाचे ठिपके. त्या इतक्या सहजपणे म्हणाल्या, की मला क्षणभर अंगण दिसलं.

माळावर

हे दिवसभर माळावर असत. चार गज एका ओळीत ठोकायचे, तारा जोडायच्या, हँडल फिरवायचं, काट्याकडे बघायचं. मग दहा पावलं पुढं सरकून तेच. पहिल्या दिवशी गाणं ऐकायला बरीच मंडळी जमली होती. गाणं नाही म्हटल्यावर पांगली.

दुसऱ्या दिवशी जेवण घेऊन मी आणि सगुणा वर गेलो. ह्यांनी भाकरी हातात घेतली, आणि ती चार हात लांब उभी राहून एकदम म्हणाली, "सायेब, तुमी ईज मोजताय म्हनं."

"विजेची वाट मोजतोय," हे म्हणाले.

"ईज झाडावर पडली. खाली जिमिनीत गेली. मंग बैल मेलं नि मी का न्हाई मेली?"

ह्यांचा घास हातातच राहिला. घरी मी 'मीठ कमी आहे का' विचारलं तर उत्तर मिळायला वेळ लागतो. पण त्या प्रश्नावर ह्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. भाकरी बाजूला ठेवून हे तिच्यासमोर खाली बसले.

"बैल कसे उभे होते? झाडाकडे तोंड करून?"

"व्हय. वैरन बुंध्याशी हुती."

"आणि तू?"

"बाजूला. उकिडवी बसलेली. पाऊस लागू नये म्हनून अंग चोरून."

"पाय?"

तीही खाली बसली आणि लुगड्याच्या काठाखाली पाय आत घेतले. "पाय कशे आसनार? जवळ जवळ."

ह्यांनी काडी घेतली. धुळीत एक ठिपका काढला, हे झाड. त्याभोवती वर्तुळ, त्याबाहेर आणखी एक, आणखी एक. "वीज झाडातून उतरली की जमिनीत अशी पसरते. पाण्यात दगड टाकल्यावर लाटा पसरतात ना, तशी. झाडाजवळ तिचा जोर फार, लांब जाल तसा कमी. बैलाचे पुढचे पाय इथं, जास्त जोराच्या जागी. मागचे पाय पार इथं. दोन जागांच्या जोरात जेवढा फरक, तेवढी वीज एका पायातून चढून अंगातून दुसऱ्या पायानं उतरते. बैलाच्या पायांत अंतर मोठं, आणि मधे त्याचं काळीज. तुझे दोन्ही पाय एकाच जागी. फरकच नाही. वीज तुझ्या अंगात शिरायला कारणच नव्हतं."

ती बराच वेळ त्या वर्तुळांकडे बघत होती. वारा नव्हता. खाली तलाव झोपल्यासारखा पडला होता.

"म्हंजी माज्या पायात कायबी न्हाई."

"काही नाही," हे म्हणाले. "ते जवळ होते, एवढंच. तू उभी असतीस, एक पाय पुढं असता, तर आज हे विचारायला राहिली नसतीस."

तिनं तोंडावर पदर घेतला. रडत होती की काय कळेना. मग पदर काढला तर डोळे ओले होते, पण आवाज चांगलाच खणखणीत होता.

"ह्ये मला सांगून काय उपेग? मी काय मला हाकललं व्हय? तितं जाऊन सांगा."

हे गोंधळले. वर्गात शंभर मुलांपुढं बोलणारा माणूस, पण कुणाच्या घरी जाऊन काही सांगायचं म्हटलं की ह्यांना घाम फुटतो. "माझं मोजणीचं काम राहिलंय," असं काहीतरी पुटपुटले. माझ्याकडे पाहिलं.

"अहो," मी म्हटलं, "माती कुठं पळून जाते का?"

पलीकडच्या तीरावर

सकाळी आबांच्या नावेतून निघालो. सगुणा आली नाही. आबा वल्हवताना फार बोलत नव्हते, पण अधूनमधून वल्हं थांबवून सांगत, "हितनं पौडाची जुनी वाट जायाची." थोड्या वेळानं, "आता मारुतीच्या देवळावरनं चाललोय." मग त्यांनी वल्हं काढून घेतलं, हात जोडले, आणि नाव आपली आपणच त्या देवळावरून सरकत गेली. खाली पाहिलं तर हिरवट अंधार. माझेही हात जोडले गेले. पाण्याखाली एक गाव, वर आम्ही, आमच्या वर ढगांची एक पांढरी चिंधी. कुठलं खरं नि कुठलं प्रतिबिंब हे विचारावंसंही वाटेना.

सगुणाच्या सासऱ्यांचं नाव धोंडीबा. अंगणात बाज टाकून बसले होते. सासूबाई दारात, आणि नवरा महादू गोठ्याच्या खांबाला टेकून उभा. गोठ्यात एकच बैल होता, उसना आणलेला. आबांना पाहून कुणी 'या' म्हटलं नाही. आम्हाला मात्र पाणी आणि गूळ मिळाला.

ह्यांनी सुरुवात केली, आणि मला वाटलं, संपलं. विभव, विभवांतर, भूपृष्ठ! पुस्तकातले सगळे शब्द एकामागून एक अंगणात येऊन पडले. धोंडीबा तंबाखू मळत ऐकत राहिले. गावातली चार माणसं जमली. ह्यांचं बोलणं संपलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "शिकल्याली मानसं हायती, म्हनून ऐकून घेटलं. पन बैल गेलं आमचं. तुमच्या बोलन्यानं त्ये उटून येत्यात व्हय?"

आबांनी खाली मान घातली. मी उठायच्या बेतात होते. पण हे उठले, पेटी उचलली आणि म्हणाले, "धोंडीबा, चपला काढून काठाशी या माझ्याबरोबर."

का कोण जाणे, धोंडीबा उठले. पाण्यापासून जरा वर, ओलसर मातीत, ह्यांनी एक गज ठोकला. दुसरा बराच लांब. तारा जोडल्या. धोंडीबांना पाय पाण्यानं भिजवायला लावले आणि पहिल्या गजाशी त्यांना उभं केलं, पाय जुळवून.

"हा गज म्हणजे तुमचं आंब्याचं झाड," हे म्हणाले. आता पुस्तकातला एकही शब्द नव्हता. "या पेटीतली वीज अगदी लहान आहे, भिऊ नका. नको वाटलं तर सांगा, लगेच थांबतो." आणि हँडल फिरवू लागले. "काही होतंय?"

"न्हाई."

"आता एक पाय लांब टाका. गजापासून लांब, बैलासारखा."

धोंडीबांनी पाय टाकला आणि "आयला!" म्हणून केवढ्यानं उडी मारली. जमलेली माणसं हसून लोळली. "मुंग्या! मांडीपातूर मुंग्या आल्या!" धोंडीबा ओरडले. पण हसता हसता थांबले, परत गजाशी गेले आणि आपणहून पाय जुळवले. "फिरवा. ... न्हाई. कायबी न्हाई." पाय लांब. "हाय!" पाय जवळ. "न्हाई!" म्हाताऱ्याच्या तोंडावरचं हसू हळूहळू ओसरत गेलं. मग ते कुणाकडंही न बघता बाजूला झाले.

"मला बगू द्या," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी लुगडं वर खोचलं, पाय भिजवले. जुळवून उभ्या राहिल्या. हँडल फिरत होतं. त्यांनी पाय लांब टाकला, कळ सोसली, ओरडल्या नाहीत. पुन्हा पाय जवळ घेतले, आणि मग तशाच उभ्या राहिल्या, खाली स्वतःच्या पावलांकडे बघत. हे फिरवून फिरवून दमले तरी हलल्या नाहीत.

"कशी बसली हुती ती?" त्यांनी विचारलं.

"उकिडवी. अंग चोरून."

"माज्या भ्यानं," सासूबाई म्हणाल्या. "सकाळीच मी बोलले हुते तिला. म्हनून भाईर बसली हुती पावसात."

त्या घरी गेल्या. आम्ही पेटी आवरली. वाटलं, झालं ते एवढंच. नाव ढकलायला महादू आला. इतका वेळ त्यानं एक अक्षर उच्चारलं नव्हतं. नाव पाण्यात सरकली तसा तो चढून बसला आणि आबांच्या हातातलं वल्हं त्यानं घेतलं. आबांनी ते दिलं. परतीला दूर डोंगरामागं वीज चमकत होती, आवाज न करता, पापणी लवावी तशी.

सगुणाचं म्हणणं

सगुणा काठावर होती. नवऱ्याला पाहून तिचा चेहरा उजळला, आणि लगेच तिनं तो आवरला.

"न्यायला आलोय," महादू म्हणाला.

"आज आलात," ती म्हणाली. "सायबांचं यंत्र आलं म्हनून आलात. त्ये आलं नसतं तर?"

आक्कांनी मुलीला डोळ्यांनी दटावलं. मलाही आतून वाटत होतं, बाई गं, आता ताणू नकोस. आमच्याकडल्या शिकलेल्या मुली या जागी मुकाट्यानं पिशवी भरतात, हे मी पाहिलं आहे.

"मी चुकलो," महादू अखेर म्हणाला. "आईपुढं बोललो न्हाई. बोलाया पायजे हुतं."

"मंग आता बोला. मी यीन. पन चोरावानी न्हाई येनार. ज्यांनी पाय पांढरं म्हटलं त्यांनी हितं यिऊन माज्या पायावर पानी घालायचं, नवी नवरी घरात घेत्यात तसं. मंग यीन."

महादूनं वल्हं उचललं. मग नाव ढकलून एकटाच परत गेला. आक्का डोक्याला हात लावून पायरीवर बसल्या. "घालवलंस, पोरी," एवढंच म्हणाल्या. रात्री कुणी धड जेवलं नाही.

परत

दुसऱ्या दिवशी आम्हाला निघायचं होतं. आबांनी बैल जुंपले, गज चढवले. सगुणा दाराशी उभी होती, डोळे रात्रभर जागलेले. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ती म्हणाली, "मी चुकले का वो, बाई?"

तेवढ्यात आक्का म्हणाल्या, "नाव."

सकाळचं धुकं पाण्यावर लोंबत होतं आणि त्यातून ती हळूहळू उमटत आली. आधी नुसती एक काळी रेघ, मग वल्हवणारा महादू, मग मागं ताठ बसलेली एक बाई, मांडीवर तांब्याची घागर धरून. नाव काठाला लागेपर्यंत आम्ही कुणी हललो नाही. सासूबाई उतरल्या. घागर पाण्यात बुडवून भरली, कमरेवर घेतली, चढ चढून वर आल्या. आक्का लगबगीनं पुढं झाल्या, 'असू द्या' म्हणाल्या. सासूबाईंनी त्यांना हातानं बाजूला केलं.

"पाय पुडं कर," त्या सगुणाला म्हणाल्या.

सगुणानं लुगड्याचा काठ वर धरला. सासूबाई खाली बसल्या. सगळी घागर त्यांनी संथपणे त्या पावलांवर ओतली, आणि मग आपल्या पदरानं ती पुसली, एकेक बोट. सगुणा वाकली आणि त्यांच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडू लागली. "उगी," त्या म्हणत होत्या. "उगी. आपलं वरीस वाया गेलं."

माझ्याच्यानं पाहवेना, म्हणून मी ह्यांच्याकडे वळले. तर हे गाडीच्या चाकाआड तोंड करून गजांचा भारा उगाच पुन्हा बांधत होते.

गाडी चढाला लागली. तलाव एकदा झाडांतून दिसला, एकदा नुसता चमकला, मग दिसेना. बऱ्याच वेळानं हे म्हणाले, "मुंबईला नाही म्हणून कळवतो."

मी पदरानं पेटीवरची धूळ पुसली.

"आणि यंदा पहिल्या वर्षाची मुलं मीच घेतो. ते वर्ग आम्ही नवख्या मंडळींवर ढकलतो, ते बरं नाही. पावसाळ्याआधी खेड्यांतल्या शाळांत नेतो त्यांना. हीच पेटी घेऊन. झाडाखाली का उभं राहू नये, जनावरं कुठं बांधावी, अडकलोच तर कसं बसावं. आणि बैलांच्या पायांतल्या अंतरावर कुणी नीट मोजणीच केलेली नाही. मातीमातीत फरक पडणार. लाल मातीत वेगळं, खडकात वेगळं..."

आबा मागं वळून बघायला लागले. गाडीच्या लयीत मला पुन्हा गुंगी येत होती. दोन्ही बाजूंनी करवंदीच्या जाळ्या सरकत होत्या, ऊन चढत होतं, आणि पौड येईपर्यंत हे बोलतच होते.